पाण्याबाहेरची बोट : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आउटबोर्ड इंजिनाच्या देखभालीवर लिहिलं, आणि पत्रं आली ती बहुतेक गॅरेजबद्दल. बोट घेताना लोक पाण्याचा विचार करतात. ती वर्षातला बराचसा काळ पाण्याबाहेर उभी राहणार आहे, हे ती दारात आल्यावर लक्षात येतं. काही पत्रं आखडती घेऊन इथे देत आहे. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही ट्रेलरसकट एक जुनी फायबरची बोट घेतोय. माहितीपत्रकात लांबी 4.80 मीटर दिली आहे आणि आमचं गॅरेज आतून 6 मीटर खोल आहे. ह्यांचं म्हणणं, चांगली एक मीटर वीस शिल्लक राहते, प्रश्नच नाही. मला मात्र धाकधूक वाटते. विकणारा म्हणतो, नाहीच मावली तर तिरकी लावा. तुम्ही काय सांगाल?

तुमची धाकधूक रास्त आहे. माहितीपत्रकातली लांबी ही फक्त बोटीच्या अंगाची असते. गॅरेजमध्ये जाणार आहे ती बोट, तिच्या नाळेपुढे (म्हणजे पुढच्या टोकापुढे) आलेला ट्रेलरचा दांडा आणि मागच्या फळीवर लटकणारं इंजिन, असं तिघांचं लटांबर. 4.80 ची बोट अशी मोजली की 6 मीटरच्या पुढे गेलेली मी कितीदा पाहिली आहे.

तेव्हा पैसे देण्याआधी टेप आणि ओळंबा घेऊन बोटीपाशी जा. ट्रेलर सपाट जमिनीवर हवा. दांड्याच्या टोकाला जो कपलर असतो, म्हणजे गाडीच्या बॉलवर बसणारा भाग, त्याच्या नाकापासून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करा. दुसरी खूण इंजिनाच्या सगळ्यात मागे आलेल्या भागाखाली. हे माप दोनदा घ्यायचं : एकदा इंजिन वर उचललेलं असताना आणि एकदा पूर्ण खाली सोडून. वर उचललेलं इंजिन मागे पाय पसरून बसतं, खाली सोडलं की बोटीच्या जवळ येतं. गॅरेजमध्ये उभी असताना ते खालीच असलेलं बरं, कारण मग आत अडकलेलं पाणी आपोआप निथळून जातं. मात्र आत नेताना ते वरच ठेवावं लागतं, नाहीतर इंजिनाचं खालचं पातं उंबरठ्याला घासतं. म्हणजे आत शिरायचं माप वेगळं आणि उभं राहायचं माप वेगळं.

गॅरेज मोजतानाही भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजू नका. मागच्या भिंतीवरची मांडणी, घरात जायच्या दारापुढची पायरी, बंद दाराची आतली जाडी हे सगळं वजा करा.

समजा, एकूण लांबी 6.30 भरली. आता विकणाऱ्याच्या तिरक्या सल्ल्याकडे वळू. 6.30 मीटरची रेघ 20 अंशांनी तिरकी केली तर खोलीच्या दिशेने ती 5.92 मीटर होते, म्हणजे 38 सेंटीमीटर वाचतात. कागदावर छान दिसतं. पण तेवढ्यात तिचं एक टोक बाजूला 2.15 मीटर सरकलेलं असतं, आणि बोट ही काही रेघ नव्हे. तिची रुंदी आहे, मागचे कोपरे आहेत. तुमच्या 38 सेंटीमीटरमधले काही ते कोपरे आणि इंजिनाची रुंदी खातात, आणि रुंदीत जवळपास तीन मीटर जागा अडते. शिवाय दारातून ती तिरकी शिरत नाही. सरळ आत घ्यायची, मग गाडी सोडवून हाताने वळवायची, आणि ती वळेपर्यंत दार लागत नाही. दर खेपेला हा खेळ कोण करणार, ते घरी आधीच ठरवून टाका.

त्यापेक्षा दुमडणारा दांडा बरा. दांड्यात भक्कम बिजागरी असते, खिटी काढली की पुढचा भाग बाजूला वळतो, आणि दीड-दोन फूट सुटतात. काही ट्रेलरना ती मुळातच असते, काहींना नंतर बसवता येते. नंतर बसवणार असाल तर बिजागरी तुमच्या ट्रेलरच्या भरलेल्या वजनाला मंजूर असलेलीच घ्या आणि बसवून घ्यायचं काम जाणत्याकडे द्या. रस्त्यावर सगळा ओढा त्या एका सांध्यावर येतो. दिव्यांची वायर, आणि ट्रेलरला ऑईलचे ब्रेक असतील तर त्यांची नळी, वळताना ताणली जाऊ नये इतकी सैल हवी.

उंचीचं मात्र कुणी विचारत नाही, आणि दणका तिथेच बसतो. दार उघडल्यावर त्याची खालची कड चौकटीच्या थोडी खालीच लोंबत असेल, तर खरी उंची त्या कडेपर्यंत. आता तुमचा रस्ता गॅरेजकडे चढत असेल तर बघा काय होतं. तुम्ही रिव्हर्स घेता, ट्रेलरची चाकं सपाट फरशीवर येतात, गाडी अजून खाली उतारावर असते. दांडा खाली झुकतो, आणि ॲक्सलच्या पलीकडचा बोटीचा मागचा भाग वर उचलला जातो. त्यावर इंजिन वर केलेलं. सपाट जमिनीवर हातभर मोकळी वाटलेली चौकट अशा वेळी इंजिनाच्या टोपाला लागते. म्हणून पहिल्या खेपेला एकाने दारात उभं राहायचं, आणि चाकं उंबरठ्यावर आली की गाडी थांबवून वर बघायचं. थोडक्यात अडत असेल तर गाडी सोडवून दांड्याच्या जॅकने पुढचा भाग उचला, मागचा खाली येतो.

एवढं सगळं करून ती मावली, पण चहूबाजूंनी जेमतेम वीतभर जागा उरली, तर माझं मत विचाराल तर ती गॅरेजमध्ये ठेवू नका. बाहेर चांगल्या आच्छादनाखाली ठेवा. निदान एका बाजूने माणूस सरळ चालत मागच्या बुचापर्यंत, म्हणजे आतलं पाणी काढायच्या भोकापर्यंत, आणि बॅटरीपर्यंत गेला पाहिजे. जिथे हात पोचत नाही तिथली देखभाल होत नाही, कितीही ठरवलं तरी.

प्रश्न : बोटीत 50 लिटरची पक्की बसवलेली टाकी आहे. कुणी म्हणतं ती भरून ठेवा, कुणी म्हणतं रिकामी करा. गॅरेजच्या कोपऱ्यात गॅसवर पाणी तापवायचं यंत्र आहे, त्याची ज्योत कायम पेटती असते. काही अडचण नाही ना?

अडचण आहे, आणि तुमच्या दोन प्रश्नांतला दुसरा आधी घ्यायचा आहे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, फरशीवर पसरते आणि सखल कोपरा शोधते. पेट्रोल पेट घेण्याजोगी वाफ उणे 40 अंश सेल्सियसच्या आसपासही सोडतं, त्यामुळे ‘थंडी आहे, काही होत नाही’ हे खरं नाही. म्हणून गॅरेजमधली ज्योत किंवा ठिणगी फरशीपासून निदान 18 इंच उंच असावी अशी गॅसजोडणीची पद्धत आहे. तुमचं यंत्र जमिनीला टेकून असेल तर बोट तिथे नेऊ नका, आधी यंत्राची सोय बघा. उंचावर असेल तरी मला स्वतःला पेटत्या ज्योतीच्या खोलीत भरलेली टाकी रुचत नाही. जुना फ्रीज, कपडे वाळवायचं यंत्र, बॅटरी चार्जरचा सैल चिमटा, ठिणगी यांतूनही पडते.

आता टाकी. काठोकाठ भरायची नाही, हे नक्की. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारातला एक भाग फुगतं. तुमची 50 लिटरची टाकी पहाटेच्या गारव्यात गच्च भरली आणि पुढे कधी गॅरेज 20 अंशांनी तापलं, तर जवळपास एक लिटर पेट्रोलला जागा उरत नाही. ते हवेच्या नळीतून बाहेर येतं, बोटीच्या कुशीवरून ओघळतं आणि फरशीवर थारोळं करतं. ज्योत कोपऱ्यात आहेच.

उलट अर्धी टाकीही वाईट. वरच्या मोकळ्या जागेत दिवस-रात्रीच्या फरकाने हवा आत-बाहेर होते, दमटपणा आत येऊन टाकीच्या भिंतींवर पाणी धरतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ते पाणी शोषतं. एका मर्यादेपलीकडे शोषलं की अल्कोहोल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. मग मोसमाच्या पहिल्या दिवशी इंजिन खोकतं आणि लोक स्पार्क प्लगला दोष देतात.

म्हणून पक्की टाकी नऊ-दशांशच्या आसपास भरा. ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवणारं औषध, बाटलीवर दिलेल्या मापाने घाला आणि घराबाहेर, नळाचं पाणी जोडून, इंजिन दहाएक मिनिटं चालवा, म्हणजे ते मिश्रण कार्बोरेटरपर्यंत किंवा इंजेक्टरपर्यंत पोचतं. नुसतं टाकीत ओतून ठेवलं तर इंजिनातलं जुनं पेट्रोल तसंच आंबत राहतं. टाकी संपूर्ण आणि सुरक्षितपणे रिकामी करून देणारा कारागीर मिळत असेल आणि गॅरेज घराला जोडलेलं असेल, तर तो मार्ग मी पहिला निवडेन.

ज्यांची टाकी सुटी, उचलून नेण्यासारखी आहे त्यांच्यासाठी उत्तर सोपं : नळी काढा, टाकी घराबाहेर सावलीत, कुलपात. बोटीबरोबर गॅरेजमध्ये नको.

प्रश्न : गेल्या मोसमात बोट व्यवस्थित धुऊन गॅरेजमध्ये लावली. या वर्षी पहिल्याच फेरीला वाटेत थांबलो तर ट्रेलरच्या एका चाकाचा हब हात लावता येणार नाही इतका तापलेला. ट्रेलर तर नुसता उभा होता! उभ्या उभ्या बेअरिंग खराब होतं का?

उभं असतानाच होतं. हा प्रश्न जवळपास प्रत्येक मोसमाच्या सुरुवातीला आमच्या वर्कशॉपच्या दारात चाक घेऊन येतो.

ट्रेलर रस्त्यावरून पळत येतो तेव्हा हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, कोमट-गरम असतो. तुम्ही घाटावर येता आणि तसाच तो गार पाण्यात बुडवता. आतली हवा एकदम आकसते आणि ती पोकळी भरायला मागच्या रबरी सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. सील थोडं जरी झिजलेलं असलं तरी पुरतं. चाक फिरत असतं तोवर ग्रीस सगळीकडे पसरत राहतं, त्यामुळे लगेच कळत नाही. मग ट्रेलर गॅरेजमध्ये जातो आणि चाक महिनोन्‌महिने एकाच जागी थांबतं. आत शिरलेलं पाणी बेअरिंगच्या एकाच रोलरपाशी बसून राहतं. तिथे गंजाची रेघ उमटते. पुढे तीच रेघ दर फेऱ्याला बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर घासते आणि हब तापतो.

म्हणून ग्रीस बदलायचं ते मोसम सुरू होताना नव्हे, संपताना. बहुतेक जण उलट करतात. गंज गॅरेजमध्ये चढतो, तर नवं ग्रीस गॅरेजमध्ये जायच्या आधी नको का?

करायचं असं. दुसऱ्या चाकाला दोन्ही बाजूंनी पाचर लावा, हे चाक जॅकवर उचला आणि खाली स्टँड द्या. चाक हाताने फिरवा आणि कान लावून ऐका. खरखर आली की निर्णय झालाच. मग वरून आणि खालून धरून हलवा. बारीकशी हालचाल चालते, खटखट नको. हबची टोपी काढा आणि ग्रीसचा रंग बघा. मूळ रंगाचं, चिकट असेल तर ठीक. साबणाच्या फेसासारखं दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, मग वरून नवं भरून भागत नाही. सगळं काढायचं, बेअरिंग धुऊन पूर्ण कोरडं करायचं, रोलर एकेक करून उजेडात बघायचे. नखाला लागेल असा खड्डा किंवा काळा डाग दिसला की बेअरिंग आणि त्याची बाहेरची कडी दोन्ही बदला, एकटं बेअरिंग नाही. सील प्रत्येक वेळी नवं, स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी. दोन वेगवेगळ्या जातींची ग्रीस एकमेकांत मिसळू नका, काही एकमेकांना पातळ करतात.

ज्यांच्या हबवर स्प्रिंगची टोपी आहे, बाहेरून ग्रीसगनने भरता येते ती, त्यांनी हात आवरावा. आतली तबकडी जराशी पुढे आली की थांबायचं. त्यापुढे पंप मारत राहिलात तर जादा ग्रीस मागचं सील ढकलून बाहेर पडतं, आणि पाण्याला तुम्हीच वाट करून देता.

चाकं उचललेलीच आहेत तर दोन कामं आणखी. ट्रेलर स्टँडवर टेकवून टायरवरचं वजन उतरवा. स्टँड लोखंडी सांगाड्याखाली किंवा ॲक्सलखाली, बोटीच्या बुडाखाली कधीही नाही. आणि टायरच्या कुशीवरचा शेवटचा चार आकडी कोड वाचा : 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. खाचा नव्यासारख्या दिसतात आणि कुशीला बारीक भेगा पडलेल्या असतात.

बोट ट्रेलरला आवळून ठेवणारे मागचे पट्टे मात्र उभ्या मुक्कामात सैल करा. प्रवासात ते हवेतच. पण महिनोन्‌महिने ताणलेले राहिले की बुड आधाराच्या फळ्यांवर दाबलं जातं. त्या फळ्या मागच्या फळीच्या खालपर्यंत पोचतात ना, हेही वाकून बघा. आधीच थांबत असतील तर बोटीचा मागचा भाग इंजिनाच्या वजनाने अधांतरी लोंबतो आणि बुडाला बाक येतो. तो बाक आला की बोट वेगात नाक खाली घालते आणि लोक इंजिनाला नावं ठेवतात. नाळेची साखळी तेवढी सोडू नका, विशेषतः फळ्यांऐवजी रोलरवर बोट टेकणाऱ्या ट्रेलरवर. पुढचा भाग उचलला की बोट मागे घसरू शकते.

प्रश्न : बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते, हे खरं का?

आता नाही. पूर्वी बॅटरीची खोकी लाकडी किंवा कडक रबराची असायची, ती ओली झाली की चार्ज पाझरायचा. आजच्या प्लास्टिकच्या खोक्याला फरशी काय आणि फळी काय, सारखीच. बॅटरी उतरते ती स्वतःहून. नेहमीची शिशाची बॅटरी साध्या तापमानाला महिन्याला काही टक्के गमावतेच, आणि बिल्ज पंपाचा, म्हणजे बुडातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा, एखादा जोड चालू राहिला असेल तर आणखी. बोटीतून काढा, पूर्ण चार्ज करा, मीटरने बघा. विश्रांतीनंतर 12.6 ते 12.7 व्होल्ट हवेत. 12.4 च्या खाली गेली की पुन्हा चार्ज करा, नाहीतर आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसायला लागतो. जिथे पाणी गोठतं तिथे हे आणखी महत्त्वाचं : भरलेली बॅटरी कडाक्याची थंडी सोसते, उतरलेली शून्याच्या थोडं खालीच गोठून फुटते. चार्ज करताना हायड्रोजन निघतो, तो हवेत 4 टक्के झाला की पेटू शकतो. तेव्हा दार उघडं, आणि चार्जरचे चिमटे लावताना-काढताना चार्जर बंद.

प्रश्न : बोट गॅरेजमध्ये, वर प्लास्टिकचं जाड आच्छादन, कडा दोरीने बांधलेल्या. तरी उघडली तर सीटवर बुरशी आणि वास. पाऊस तर लागलाच नाही!

पाऊस बाहेरून लागला नाही, पाणी आत होतं. बुडात वाटीभर राहिलेलं पाणी, ओले दोर, ओलसर लाइफ जॅकेट, आणि वरून तुम्ही झाकण घट्ट लावलंत. प्लास्टिक वाफ बाहेर सोडत नाही. हवेतला दमटपणा 60 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला आणखी काही लागत नाही. शेजारी पावसात भिजलेली गाडी रोज येऊन उभी राहत असेल तर तीही भर घालते.

मागचं बूच काढा आणि ते स्टिअरिंगला बांधून ठेवा, म्हणजे पुन्हा पाण्यात उतरवताना विसरणार नाही. नाळ थोडी उंच ठेवा. नाळ आत आणि मागचा भाग दाराकडे असा लावलात तर बऱ्याच गॅरेजच्या फरशीचा दाराकडचा उतार कामी येतो. सीटा सुटत असतील तर घरात न्या, नसतील तर उभ्या करा. सगळी झाकणं उघडी. लाइफ जॅकेट बोटीत नाही, खुंटीला. आच्छादन कापडी, हवा खेळणारं. गॅरेजमध्ये त्याला फक्त धूळ अडवायची आहे. उंदरांसाठी म्हणाल तर बोटीत खाण्याचा कणही ठेवू नका आणि वायरी जिथून आत जातात ती भोकं स्टीलच्या काथ्याने बुजवा. नुसता स्पंज ते घरटं करायला नेतात.

निथळून वाळवण्याचं आणखी एक कारण आहे, ते तुमच्या सीटांशी संबंधित नाही. झेब्रा मसल नावाचा नखाएवढा शिंपला मूळचा काळा समुद्र आणि कॅस्पियनच्या खोऱ्यातला. 1988 मध्ये तो उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्सच्या परिसरात सापडला आणि तिथून एका तळ्यातून दुसऱ्यात पसरला, त्यात ट्रेलरवरच्या बोटींचा मोठा हात. गार, दमट जागेत तो पाण्याबाहेर कित्येक दिवस तग धरतो. बंद आच्छादनाखालची ओली बोट म्हणजे त्याची सोयच.

प्रश्न : लाकडी फळ्यांची जुनी होडी आहे. हीटर लावलेलं गॅरेज चालेल का?

फायबरला चालेल, तिला नको. फळ्या आकसतात, सांधे उघडतात आणि पाण्यात उतरवली की गळते. थंड, सावलीचं, वारा खेळणारं गॅरेज हवं. हीटरपासून लांब.

प्रश्न : आमचं दार अरुंद आणि समोर चढ. रिव्हर्स घेताना ट्रेलर भलतीकडेच जातो, म्हणून शेवटी सोडवून आम्ही दोघं-तिघं ढकलतो. काही युक्ती सांगा.

युक्तीआधी ते ढकलणं बंद करा. चढावर गाडीचा हँडब्रेक हाच बहुतेक छोट्या ट्रेलरचा ब्रेक असतो. कपलर बॉलवरून उचलला त्या क्षणी सातशे-आठशे किलो मोकळे होतात. दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर बसल्याशिवाय कपलरला हात लावायचा नाही, आणि ट्रेलर हलत असताना त्याच्या व भिंतीच्या मध्ये कुणीही उभं राहायचं नाही.

रिव्हर्ससाठी हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलरची शेपूट उजवीकडे हवी असेल तर हात उजवीकडे, डावीकडे हवी तर डावीकडे. डोक्यातला उलटसुलट हिशोबच संपतो. सगळं अगदी सावकाश, थोडंसं वळवून लगेच सरळ. आखूड ट्रेलर चटकन दुमडतो, दुमडायला लागला की झुंजू नका, पुढे घेऊन पुन्हा सुरू करा. फरशीवर दोन्ही चाकांच्या रेषा रंगीत पट्टीने आखून ठेवा आणि चाकं थांबायची तिथे लाकडाची तुळई पक्की करा. एवढ्यानेही जमत नसेल तर मागच्या बाजूला काँक्रीटमध्ये नीट रोवलेल्या कडीला हाताची विंच लावून सावकाश आत ओढा, एक जण पाचर घेऊन चाकामागून चालेल. आणखी एक : दांड्यावरचं वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 5 ते 10 टक्के असतं, म्हणजे आठशे किलोला 40 ते 80 किलो. ते कमरेने उचलायचं नसतं, दांड्याला चाकाचा जॅक लावा.

प्रश्न : इंजिन जाम होऊ नये म्हणून मी महिन्यातून एकदा गॅरेजमध्येच, दार सताड उघडं ठेवून, पाच मिनिटं चालू करते. बरोबर ना?

आजपासून बंद करा. दार उघडं असलं तरी कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि गॅरेजमधून घरात उघडणाऱ्या दाराच्या फटीतून आत जातो. त्याला वास नाही. पेट्रोलच्या वाफेसारखा तो फरशीला धरून राहत नाही, हवेत मिसळून सगळीकडे पसरतो.

इंजिनाचंही त्यात भलं नाही. पाणी न जोडता चालवलंत तर थंड करणाऱ्या पंपाचा रबरी पंखा कोरडा घासून काही सेकंदांतच करपायला लागतो. पाणी जोडून चालवलंत तरी पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. जळण्यातून झालेलं पाणी आतच राहतं, ते घालवायला म्हणून तुम्ही पुढच्या महिन्यात आणखी थोडं भरता.

त्याऐवजी मोसमाच्या शेवटी एकदाच नीट करा. गोड्या पाण्याने आतून धुवा, खाऱ्या पाण्यातून आलेलं असेल तर सावकाश आणि भरपूर. इंजिनाच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे आतून फॉगिंग ऑईल, म्हणजे गंज रोखायला फवारायचं तेल, द्या. मग खालच्या गिअरचं ऑईल बदला. खालचा आणि वरचा असे दोन स्क्रू असतात. खालचा काढा, भांडं धरा, मग वरचा. दुधाळ ऑईल आलं तर सीलमधून पाणी शिरतंय. ते तसंच ठेवून थंडीत गोठलं तर केसिंग तडकतं. खालच्या स्क्रूच्या चुंबकाला करडी बारीक भुकटी असते, ती चालते, धातूचे तुकडे चालत नाहीत. नवं ऑईल खालच्या भोकातूनच वर चढवायचं, म्हणजे हवा वरून निघून जाते. वरून ओघळायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावा आणि मगच खालून पंप काढून तिथला झटकन लावा. वॉशर दोन्ही नवे.

एवढं झालं की इंजिन खाली सोडा आणि मोसमापर्यंत त्याला हात लावू नका. चालवून बघायचंच असेल तर ट्रेलर बाहेर काढा, घराच्या दारा-खिडक्यांपासून लांब, नळीच्या रबरी वाट्या इंजिनाच्या पाणी घेणाऱ्या जाळीवर बसवा, आधी नळ आणि मग चावी. आणि गॅरेज घराला जोडलेलं असेल तर झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावून घ्या. बोट नसली, नुसती गाडीच असली तरीसुद्धा.